बारा तासांचा हुंकार

नंदकुमार वर्तकला आयुष्यात कधी कुणी नापास केलं नव्हतं, आणि आता पन्नाशी उलटल्यावर कुणी पुन्हा परीक्षेला बसवील असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यामुळे मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी, आयर्लंडमधल्या नास गावच्या मुख्य रस्त्यावर औषधांच्या दुकानाच्या वर असलेल्या आपल्या ऑफिसात, अंगातला कोट काढायच्या आत त्याने ई-मेल उघडली आणि पहिल्याच ओळीत ‘आपली निवड झाली आहे’ असं वाचलं, तेव्हा त्याला चक्क बरं वाटलं. माणूस भाबडा असतो तो असा. क्षणभर त्याला वाटलं, लिक्सलिप गावात तो बांधत असलेल्या इमारतीबद्दल कुणी बक्षीसबिक्षीस देतंय की काय. दुसरी ओळ वाचून मात्र तो कोट तसाच अंगात ठेवून खुर्चीत बसला. इंजिनिअरांच्या संस्थेने यंदा ज्या सभासदांच्या शिक्षणाची तपासणी करायची त्यांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या आणि त्यात त्याची चिठ्ठी निघाली होती. चार्टर्ड इंजिनिअर म्हणवून घ्यायचं तर दर वर्षी पाच दिवस, म्हणजे पस्तीस तास, काहीतरी नवीन शिकलंच पाहिजे असा नियम, आणि काय शिकलात त्याची नोंद ठेवायची. नोंद तो ठेवत होताच. पण आता प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने भरून मागितले होते. यातून तुम्ही काय शिकलात? त्याने तुमच्या कामात काय बदललं? आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, ‘हे शिक्षण मी स्वतः उपस्थित राहून घेतलं आहे’, आणि तिच्यापुढे सहीची जागा. तीन आठवड्यांची मुदत. मग फोनवर अर्ध्या तासाची मुलाखत.

त्याने गेल्या वर्षाचं पान उघडलं. सदतीस तास. दोन जास्तच, त्याच्या स्वभावाप्रमाणे. जानेवारीतला अग्निसुरक्षेचा दिवस, डब्लिनला प्रत्यक्ष गेला होता, दुपारचं जेवण वाईट होतं. एप्रिलमधलं लाकडी बांधकामाचं सत्र, तेही आठवत होतं. मग जुलै आणि ऑगस्ट. सहा ओळी, प्रत्येकी दोन तास, सगळी ऑनलाइन व्याख्यानं, प्रत्येकापुढे प्रमाणपत्र जोडलेलं. जुन्या पुलांची तपासणी, मातीचा दाब आणि भिंतीमागचं पाणी, पुन्हा वापरायचं पोलाद, आणखी असंच काय काय. त्या सहा ओळींवर तो थांबला, कारण त्या बारा तासांतलं एक अक्षरही त्याने ऐकलं नव्हतं. ते बारा तास त्याच्या आईने ऐकले होते.

आई, म्हणजे प्रमोदिनीबाई, गेल्या जूनमध्ये लांज्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. वय शहात्तर, तीस वर्षं पोस्टात काढलेली, इंग्रजी तारेपुरतं. ती आली आणि आठ दिवसांत घर तिच्या कलाने चालायला लागलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे नातीकडून शिकून तिने पोह्यांची प्रेस, डाळींची प्रेस अशी वाटणी करून टाकली. नंदकुमार आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायचा. अशाच एका बुधवारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून व्याख्यानाला बसला, आणि पाच मिनिटांत लिक्सलिपच्या साइटवरून फोन आला की एका खांबाचे गज रेखाटनापेक्षा बोटभर सरकलेत. आता फोनवर बोलायचं तर बाहेर जायला हवं, आणि व्याख्यान सोडावं तर पंचाईत, कारण दर दहा मिनिटांनी पडद्यावर एक चौकट यायची, ‘तुम्ही अजून इथे आहात का?’ आणि ती दाबली नाही तर प्रमाणपत्र बोंबललं. आई समोर कोथिंबीर निवडत होती. त्याने तिला चौकट दाखवली, ही आली की इथे बोट टेकव, एवढंच सांगितलं, आणि तिच्या कानांत ते छोटे इयरबड घालून दिले. तिने डावा काढून टेबलावर ठेवला, एक पुरे म्हणाली, आणि लॅपटॉप जरा आपल्या उजवीकडे ओढला. त्याने तो पुन्हा नीट मधे सरकवला आणि फोन घेऊन बागेत गेला. तासाभराने परत येऊन बघतो तर कोथिंबीर तशीच पडलेली, लॅपटॉप पुन्हा उजवीकडे, आणि आई हातात काहीतरी घट्ट धरून पडद्याकडे बघत बसलेली. त्याने मूठ उघडायला लावली. आत चार दाणे तांदूळ.

‘अरे, कुणी सांगतंय म्हटल्यावर रित्या हाताने कशी ऐकू?’ आई म्हणाली होती.

त्याला तेव्हा हसू आलं होतं, आणि आता ऑफिसात बसून तेच आठवताना येईना. श्रावणातल्या कहाण्या ती अशीच ऐकायची, मुठीत तांदूळ धरून, आणि सांगायचीही तशीच. लांज्याला पोस्टाच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या, वडील कामाला मुंबईत, आणि वीज गेली की आई गोष्ट सांगायची. पण तिची अट असायची. हुंकार द्यायचा. तिने एक वाक्य सांगितलं की आपण ‘हं’ म्हणायचं, तरच पुढचं वाक्य. हुंकार थांबला की गोष्ट थांबली, राजा जंगलात आणि राणी वाड्यात, राहू देत तिथेच. सांगणाऱ्याला कळायला नको का की समोर माणूस आहे की भिंत, असं ती म्हणायची. नंदकुमार लहानपणीच या कामात पटाईत झाला होता. डोळे मिटत आले तरी तो ठरलेल्या वेळाने ‘हं’ म्हणायचा, आणि आई बिचारी अंधारात गोष्ट पूर्ण करायची. सकाळी विचारलं तर त्याला राजाचं नावही सांगता यायचं नाही. त्या बुधवारी पडद्यावरची चौकट बघून आईला लगेच सगळं समजलं होतं. हा हुंकारच की, म्हणाली, बरं केलंन या लोकांनी. मग दर बुधवारी ती अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून व्याख्यानाला बसायला लागली. मधे उठायची नाही. नंदकुमारलाही सवय लागली. साइटवरून फोन येवो न येवो, तो आईला बसवून वर जायचा आणि आपली कामं उरकायचा. पुढे महिनाभर लॅपटॉपची स्पेसची कळ अडकत होती आणि त्याच्या मुलीने, स्वरालीने, ती उचकटून खालून तांदळाचा दाणा काढला, तेव्हा घरात सगळे खूप हसले होते. तोही हसला होता.

चार्टर्ड हे बिरुद नावापुढे नसतं तर काय बिघडलं असतं, असं कुणीही विचारील. बिघडलं असतं. इथे इमारत उभी राहिली की ती नियमाप्रमाणे बांधली आहे असं कुणीतरी लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहून देणाऱ्याचं नाव यादीत असावं लागतं. नंदकुमारचं नाव तिथे यायला सात वर्षं लागली होती. पुण्याची पदवी, मुंबईतली दहा वर्षं, यातलं काहीच इथे कुणी मोजलं नव्हतं. पहिली चार वर्षं तो दुसऱ्यांच्या सहीसाठी आकडेमोड करून देत होता आणि मीटिंगला त्याला मागच्या खुर्चीवर बसवत. ज्या दिवशी त्याने पहिल्यांदा स्वतःची सही केली, एका शाळेच्या दोन वर्गखोल्यांसाठी, त्या दिवशी त्याने कागदाचा फोटो काढून आईला पाठवला होता. आता जुलैमध्ये लिक्सलिपच्या इमारतीवर सही व्हायची होती. नाव यादीतून गेलं तर पुन्हा मागची खुर्ची, आणि या वयात ती खुर्ची त्याला नको होती. हे त्याने स्वतःशी स्पष्ट कबूल केलं.

संध्याकाळी त्याने पद्मिनीला सांगितलं. पद्मिनी त्याची बायको, नासच्याच हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर, आणि तिलाही दर वर्षी असले गुण गोळा करावे लागत. तिने पोळी लाटता लाटता शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की त्यात एवढं काय, सगळेच असं करतात, आगीपासून बचावाचं ते ऑनलाइन मॉड्यूल तर आमच्याकडे लोक जेवता जेवता दाबत बसतात, व्याख्यानाची पीडीएफ असेल ती वाच आणि चार ओळी लिहून टाक. तिचं म्हणणं चूक नव्हतं. ती दिवसभर माणसांना झोपवून पुन्हा उठवते, तिला असल्या गोष्टींत फार वेळ घालवायला आवडत नाही. स्वराली, वय वर्षं सोळा, फोनमधून डोकं वर न काढता बोलली, ‘गेट द ए-आय टु डू इट, बाबा. इट्स ग्रँड.’ तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या, किल्डेअर भागातल्या, इंग्रजीत. त्याला ते सुचलं नव्हतं असं थोडंच होतं?

रोज सकाळी तो कालव्याच्या काठाने चालत ऑफिसला जायचा आणि रोज त्या सहा ओळी मनात उघडायचा. जुन्या पुलांची तपासणी, यातून मी काय शिकलो? पीडीएफ त्याने वाचली. तीत नवीन असं काही नव्हतं, निदान त्याला तरी दिसलं नाही, आणि तरी लिहिता येत नव्हतं. वाक्य जुळायचं, ‘या सत्रामुळे माझ्या दृष्टिकोनात’ इथपर्यंत यायचं आणि तिथे बोटं थांबायची. कालव्यावर हंसांची जोडी ठरलेल्या जागी असायची. एकदा त्याच्या मनात आलं की आपल्याला शेवटचं नवीन कधी काही कळलं होतं? अगदी नवीन, अंगावर काटा येईल असं? त्याला कॉलेजातली एक दुपार आठवली. सरांनी फळ्यावर तुळईतला ताण काढून दाखवला होता आणि तो खोलीवर जाऊन जेवण विसरून तेच पुन्हा पुन्हा काढत बसला होता. त्यानंतरचं आठवेना. शिकणं कधी थांबलं आणि हजेरी कधी सुरू झाली, याची तारीख कुठल्याच नोंदीत नव्हती. डेक्लन, त्याचा भागीदार, विचारत होता, तपासणीचं काय झालं, आणि तो म्हणत होता, होतंय, होतंय.

मुदतीला पाच दिवस राहिले तेव्हा त्याला एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्याची त्याला नंतर फार लाज वाटली. आईने ऐकलंय ना, मग आईलाच विचारू. रविवारी सकाळी त्याने लांज्याला व्हिडिओ कॉल लावला. आई नेहमीप्रमाणे पडद्यावर अर्धी दिसत होती, एक गाल आणि एक कान. त्याने नेहमीप्रमाणे सांगितलं, आई, कॅमेऱ्याकडे बघ, आणि नेहमीप्रमाणे ती क्षणभर बघून पुन्हा वळली. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विषय काढला. ते बुधवारचे कार्यक्रम आठवतात का तुला?

न आठवायला काय झालं? तिने सुरुवात केली ती थांबेचना. पहिल्या बुधवारचा तो उंच माणूस, सारखा घड्याळ बघायचा, त्याचं मन नव्हतं सांगण्यात. दुसरी एक बाई होती, पोलादाविषयी सांगणारी, ती मात्र गोड, हाताने दाखवून दाखवून सांगायची. आणि भिंतीवाला. पांढऱ्या मिशांचा. त्या बापड्याला खोकला झाला होता, दर दोन चित्रांनंतर पाणी प्यायचा, तरी त्याने टाळलंन नाही काही. एक भिंत दाखवली होती त्याने, पोट पुढे आलेली, आणि मग तिच्या मागची माती खणून दाखवली, तर सगळा चिखल. इंग्रजी मला कळलं नाही, आई म्हणाली, पण आपल्याकडे गडगा घालतात तो गवंडीही तेच सांगतो, पाण्याला वाट ठेवा, नाहीतर ते आपली वाट काढील. तुझ्या त्या साहेबाने भिंतीला भोकं पाडलीन तेव्हा मी मनात म्हटलं, आता कसं शहाणं झालास. नंदकुमार भराभर लिहून घेत होता. एका व्याख्यानापुढचा रकाना भरत चालला होता. मधेच ती पडद्याकडे वळली तेव्हा ते तिच्या नजरेला पडलं.

काय लिहितोयस, तिने विचारलं. आणि त्याने, दुसरं काही सुचेना म्हणून, खरं ते सांगितलं. हे ऐकणं त्याच्या नावावर धरलं जातं, आता विचारताहेत काय ऐकलं, आणि खाली सही करायची आहे.

‘म्हणजे चौकट दाबायची ती तुझी सही होती,’ आई म्हणाली. ‘मला वाटलं, नुसता हुंकार.’

‘तसंच गं ते.’

‘तसं कसं? रजिस्टर पत्र ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. तीस वर्षं मी बापाचं पत्र मुलाकडे दिलं नाही. आणि तू माझ्याच बोटाने खोटी सही केलीस.’

आवाज चढला नव्हता. पत्रावर पत्ता वाचून दाखवावा तशी ती बोलली होती. त्याने काहीतरी समजावायला घेतलं, सगळेच करतात, इथली पद्धतच तशी, वगैरे, आणि ती ‘काय? काय म्हणालास?’ असं दोनदा विचारून गेली, तेव्हा तो नेटवर वैतागला.

‘नेट नाही रे,’ ती म्हणाली. ‘मी ह्या डाव्या बाजूने धरला होता फोन. डाव्या कानाने येत नाही ना मला ऐकू.’

‘कधीपासून?’

‘तुला सांगितलं होतं की. ती भिंतीवाली गोष्ट ऐकली त्याच दिवशी, चहाच्या वेळी. तू हं म्हणालास. मला वाटलं, कळलं तुला. मग पुन्हा पुन्हा काय सांगायचं?’

फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात त्याच खुर्चीवर बसून राहिला. चहाची ती वेळ त्याने आठवून बघितली, जिवाच्या आकांताने आठवून बघितली. टेबल आठवलं. आईच्या हातातली पिवळी कपबशी आठवली. खिडकीत ऊन होतं, नऊपर्यंत उतरत नाही असलं इथलं उन्हाळ्याचं ऊन. आई काहीतरी सांगत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, आणि त्याच्या डोक्यात खांबाचे गज होते. आवाज मात्र काही केल्या येईना. त्याने हं म्हटलं असणारच, त्याची खात्री होती, कारण त्याचं हं चुकत नाही. डेक्लनच्या तक्रारींना, पद्मिनीच्या हॉस्पिटलच्या हकिकतींना, स्वराली लहान असताना तिच्या शाळेच्या गोष्टींना, सगळ्यांना त्याने वेळच्या वेळी हं दिलं होतं. स्वरालीने सांगणं कधी बंद केलं? तिने बहुधा ओळखलं असावं. आई तेवढी फसत राहिली, की तिला फसायचंच होतं? मग त्याला ते इयरबड आठवले, आईने डावा काढून ठेवलेला, उजवीकडे ओढलेला लॅपटॉप, आणि आपण तो नीट मधे सरकवलेला. दर बुधवारी. सहा वेळा. त्याला रडू आलं, आणि पद्मिनी खाली आली तेव्हा त्याने ते लपवलं नाही. तिला त्याने कानाचं सांगितलं. पद्मिनी ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, ‘मी डॉक्टर असून माझ्याही लक्षात आलं नाही रे.’ मग तिने तिथेच रत्नागिरीच्या कानाच्या डॉक्टरांचा शोध सुरू केला, आणि त्याने लॅपटॉप उघडून त्या सहा ओळींपुढचे रकाने, आईच्या तोंडच्या भिंतीच्या मजकुरासकट, पुसून टाकले.

पंचवीस तासांची नोंद त्याने पाठवली. सदतीसातून बारा वजा का, याचं कारण एका वाक्यात लिहिलं, आणि खाली सही केली. पुढच्या गुरुवारी संस्थेच्या ओर्ला मॅकेना यांचा फोन आला. शेजारच्या मीथ परगण्याच्या बाजूचा मऊ आवाज, घाई नाही. त्यांनी त्याच्या पंचवीस तासांवर वीस मिनिटं विचारलं. लाकडी बांधकामाबद्दल तो बरा बोलला. मग त्या म्हणाल्या की असं वाक्य मी बारा वर्षांत वाचलं नव्हतं, तुम्ही आजारी होतात, कामात होतात असं लिहिता आलं असतं. तो म्हणाला, हो.

‘आणि तुमच्या आईंनी सहाही पूर्ण ऐकली?’

‘पूर्ण. मधे उठायचं नाही असं तिचं असतं.’

‘मग त्यांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकली,’ ओर्ला म्हणाल्या. हसल्या नाहीत. नंतर त्यांनी काय होईल ते सरळ सांगितलं. प्रकरण समितीपुढे जाईल. खोटी प्रमाणपत्रं ही लहान गोष्ट नाही. नाव जाईलच असं नाही, पण काही ना काही होईल.

झालं ते असं. मेच्या सुरुवातीला पत्र आलं. नाव यादीत राहील, पण बारा तास, वर आणखी बारा, प्रत्यक्ष वर्गात बसून पुरे होईपर्यंत सहीचा अधिकार थांबवला आहे. म्हणजे जुलै गेला. लिक्सलिपच्या इमारतीवर डेक्लन सही करणार, तीन वर्षं ज्या इमारतीचा एकेक खांब नंदकुमारने मोजला होता तिच्यावर. डेक्लनने पत्र वाचलं, डोकं खाजवलं आणि ग्रँड म्हणाला, म्हणजे चालवून घेऊ. पण त्या दिवशी तो एकटाच जेवायला गेला. क्लायंटच्या मीटिंगला नंदकुमार गेला तेव्हा टेबलाशी जागा होती, तरी आपसूक त्याचे पाय मागच्या खुर्चीकडे वळले. बसल्यावर त्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. वाटलं, पण बसता आलं. कारण मागच्या खुर्चीवर काम एकच असतं, ऐकायचं. बोलणाऱ्यांपैकी दोघे एकमेकांचं काहीही ऐकत नव्हते, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसलं.

आईला त्याने सगळं कळवलं होतं. बरं झालं, एवढंच ती म्हणाली होती, आणि पुढे, जेवलास का.

मेअखेरीच्या रविवारी सकाळी त्याने फोन लावला तेव्हा घरात कुणी नव्हतं. पद्मिनी ड्युटीवर, स्वराली मैत्रिणीबरोबर ड्रोहेडाला. लावण्याआधी तो उठला, तांदळाची प्रेस उघडली आणि चार दाणे मुठीत घेतले. कुणी बघत नव्हतं तरी त्याला थोडं ओशाळल्यासारखं झालं. आईने कानाला यंत्र लावलं होतं, पण ते कुईकुई करतं म्हणून काढून ठेवलं होतं, आणि पडद्यावर नेहमीचा गाल आणि नेहमीचा उजवा कान होता. या वेळी त्याने कॅमेऱ्याकडे बघ म्हटलं नाही.

तिकडे ऊन रणरणत होतं. शेजारचा पद्माकर विहीर खणवतोय, आईने सांगायला घेतलं. जुनी आटली. वीस फूट जांभा गेला, मग माती, मग काळा कातळ लागला, असा की पहार परत उडावी. दोन सुरुंग लावून झाले. पद्माकरची बायको म्हणाली आता पुरे, बुजवून टाका. हं, नंदकुमार म्हणाला. पण खणणाऱ्यांत एक म्हातारा आहे, चंद्रहास नाव, राजापूरकडचा. तो म्हणाला, थांबा, मला ऐकू द्या. परवा सकाळी त्याने सगळ्यांना गप्प केलंन. पंप बंद, मिक्सर बंद, पोरांना घरात कोंडलंन. साऱ्या वाडीत हूं की चूं नाही. मी काठावर उभी. तो खाली उतरला आणि कातळाला कान लावून पडून राहिला. बराच वेळ. मग वर बघून म्हणाला, मला आता नीट येत नाही ऐकू, वय झालं, कुणाचा कान चांगला आहे? आता कुणी उतरायला तयार होईना, शिडीच तसली. मी म्हटलं, माझा एक चांगला आहे. पद्माकर नको नको म्हणत होता, पण मी पातळ खोचलं आणि उतरले बघ. खाली गारवा काय सांगू तुला. कातळ ओला नाही, पण गार. मी आपला उजवा कान टेकवला, आणि डोळे मिटले.

आई श्वास घ्यायला थांबली. नंदकुमारला तो कातळ गालाला लागत होता. शहात्तर वर्षांची आई शिडीवरून उतरली म्हणून त्याला रागवायचं होतं, तेही राहून गेलं होतं. मूठ घट्ट मिटलेली, तळव्यात दाणे रुतलेले, आणि विहिरीच्या तळाशी सगळी वाडी गप्प. तोही गप्प होता. इतका वेळ गप्प होता की पलीकडे आईने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं.

‘नंदू?’ ती म्हणाली. ‘आहेस ना रे?’

हुंकार द्यायचा राहिला होता.

‘आहे,’ तो म्हणाला. ‘सांग ना. लागलं का पाणी?’